सरहद्दीवरचें गांव : कसबें पुणें

सरहद्दीवरचें गांव म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दूरचा घाट, चौकी आणि पहारेकरी येतात. परंतु आज शहराच्या पोटांत दडलेली कसबा पेठ, म्हणजेच पुण्याचें मूळ गांव, एके काळीं असेंच सरहद्दीवर होतें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

प्रथम जागा पाहूं. एका अंगास मुठा नदी, पूर्वेस नागझरीचा ओढा. या दोन पाण्यांमध्यें हें कसबें वसलें. पाणी जवळ, आणि सीमाही निसर्गानेंच आंखून दिलेली.

राज्यांच्या सीमा मात्र अशा स्थिर नव्हत्या. मालोजी भोसल्यांना निजामशाहीकडून पुणें जहागीर मिळालें. पण आदिलशाहीचा मुलूख लगतच होता. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें हें गांव जाळलें आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरविला, असें सांगतात. १६३६ त निजामशाही बुडाली व हा प्रांत आदिलशाहीकडे गेला. पुढें जिजाबाई व बाल शिवाजी येथें राहावयास आले. उजाड जागीं पुन्हा वस्ती झाली, लाल महाल उभा राहिला, कसबा गणपतीची पूजा सुरू झाली. १६६० त मोंगलांचा शाइस्तेखान येऊन त्याच महालांत उतरला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं महाराजांनीं त्याच्यावर छापा घातला. शिवरायांचा जन्म १६३० चा. ते तेहतीस वर्षांचे होईपर्यंत या लहानशा गांवानें निजामशाही, आदिलशाही, मराठे व मोंगल अशा चार सत्ता पाहिल्या!

पुढें १७३० त शेजारीं शनिवारवाड्याचें काम सुरू झालें, भोंवतीं पेठा वाढल्या, आणि सरहद्दीवरचें गांव शहराचें हृदय बनलें. राज्यांच्या सीमा पुसल्या गेल्या. पाण्याची मात्र राहिली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीनें पुणेंकरांस तिची कठोर आठवण दिली.

कुंभार वेशींतून जातांना आज तेथें दरवाजा दिसत नाहीं, नांव तेवढें उरलें आहे. परंतु गांव टिकलें, तें दरवाजामुळें नव्हे. नांगर फिरलेल्या जमिनीवर परत येऊन ज्यांनीं चुली पेटविल्या, त्या कुंभारांसारख्या साध्या माणसांमुळें तें टिकलें.