पुराणातले मल्ल, हौद्यातली पोरं

बिलोली, देगलूर, धर्माबाद हा नांदेड जिल्ह्यातला सीमेवरचा पट्टा. शेजार तेलुगूचा, कानडीही फार लांब नाही. इथल्या गावजत्रेत दुपार कलली आणि हलगी कडाडली की माणसे कुस्त्यांच्या फडाकडे सरकतात. आधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, शेवटी इनामाची मोठी जोड. पोरगा आठ वर्षांचा का असेना, फडात उतरताना माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो आणि समोरच्याला सलामी देऊनच भिडतो. हे त्याने मोठ्यांचे पाहून उचललेले असते. या शिस्तीमागे मात्र महाकाव्ये आहेत, एका राजाचा ग्रंथ आहे, एका पंथाची वाणी आहे. कथेने तालमीत दोन कामे केली: डाव लक्षात ठेवायला मदत केली आणि बळ कुठे आवरायचे ते सांगितले. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड.

चार नावे

जुने वस्ताद कुस्तीचे चार प्रकार सांगत. भीमसेनी ही निव्वळ ताकदीची. हनुमंती डावपेचाची, आपल्याहून भारी गड्याला लोळवणारी. जांबुवंती हातपाय जखडून शरण आणणारी आणि जरासंधी सांधे मोडणारी. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही ही विभागणी एका बैठकीत पाठ होई, कारण माणसे त्याच्या ओळखीची होती. चौथ्या नावात तर इशाराच आहे. महाभारतातले भीम-जरासंधाचे द्वंद्व कार्तिकाच्या पहिल्या तिथीला सुरू झाले आणि चौदाव्या तिथीच्या रात्री जरासंध संपला. तालमीत मूर्ती बसते ती मारुतीची. जरासंधाचे फक्त नाव राहिले, तेही सावध करण्यापुरते.

मारुतीच का, याचे उत्तर रामायणातच आहे. समुद्र कोण ओलांडणार म्हणून सगळे वानर चिंतेत असताना हनुमान एका बाजूला गप्प बसलेला असतो. जांबवंत त्याला त्याच्या बळाची आठवण करून देतो, तेव्हा तो उठतो. वस्तादाचे काम याहून वेगळे काय असते? आणि ते बळ पुढे खर्ची पडते दुसऱ्याच्या कामात. आपल्याच मराठवाड्यात, जांब गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मारुतीची देवळे उभारली, त्यात बलोपासनेइतकाच हा दास्यभावही होता.

कल्याणच्या राजाची तालीम

देगलूरच्या खाली, आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने 1130च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या ‘मल्लविनोद’ या भागात मल्लांचे वय, अंगलोट आणि ताकद पाहून ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग पाडले आहेत. मेहनतीचे प्रकारही नावानिशी आहेत: भारश्रम म्हणजे वजन उचलणे, भ्रमणश्रम म्हणजे चाल, सलिलश्रम म्हणजे पोहणे आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरची कसरत. आजचा मल्लखांब यातल्या शेवटच्या नावाशी नाते सांगतो. गुजरातेतल्या मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराणा’त तर खुद्द कृष्णच ही विद्या देतो. कथा पुराणाची, पण आत आहार आणि व्यायामाचे रोखठोक नियम. देवाच्या तोंडून आलेला नियम पोरगा सहसा मोडत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असावे.

नांदेडचा गतका

साहित्य आणि शस्त्र यांची सर्वांत घट्ट गाठ मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीच पडलेली आहे. गुरू गोविंदसिंहांनी 1708 साली नांदेडला देह ठेवला. हुजूर साहिबात गुरू ग्रंथ साहिबाबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. दशम ग्रंथातले चंडीचरित्र मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्याची कथा घेऊन रणभूमीवर उतरते, तर शस्त्रनाममाला शस्त्रांची नावे कोड्यासारखी गुंफते. दसरा आणि होला मोहल्ला या दिवशी हल्ल्याची, म्हणजे लुटुपुटूच्या चढाईची, मिरवणूक निघते आणि रस्त्यावर गतका ही शिखांची शस्त्रकला रंगते. नीट पाहिले तर खेळाडू आधी शस्त्राला नमस्कार करतो, मग एकट्यानेच पैंतरा घेतो. पाय ठेक्यावर पडू लागले की मग सोटी आणि फरी घेऊन जोडीदारासमोर येतो. औरंगजेबाला फारसीत लिहिलेला ‘जफरनामा’ही याच ग्रंथात आहे. बाकी सगळे उपाय थकल्यावरच तलवारीला हात घालणे न्याय्य, असा त्याचा आशय. लढण्याच्या शिक्षणात ‘कधी’ हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी सोडवला असेल.

लढण्याच्या आणि विचाराच्या या नात्याला बाकीचे जगही अपवाद नाही. प्लेटोचे काही संवाद कुस्तीच्या आखाड्यातच घडतात. जपानात 1882 साली जुदो सुरू करणारे कानो जिगोरो हे शिक्षणतज्ज्ञ होते. शक्तीचा उत्तम वापर आणि परस्परांचे कल्याण ही त्यांची दोन सूत्रे जुदोचा कणा ठरली.

मॅटवर आल्यावर

लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी 1977 साली बेळगावात नामवंत पैलवान सतपालला हरवले. पुढे ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली लातूरचेच काका पवार घडले आणि बीडचा राहुल आवारेही. राहुलने 2019च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य जिंकले ते मॅटवर, गुणांच्या हिशेबात. या हिशेबाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. वजनगट आणि पंच आले म्हणून जरासंधी प्रकार बाद झाला. कथेने दिलेला इशारा नियमाने अमलात आणला. गतकाही 2023च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आला.

पण पंचाची शिट्टी मॅटपुरती असते. बाहेर, गावच्या भांडणात, निवडणुकीच्या धामधुमीत कसलेल्या पोराला कुणीतरी ‘आपला माणूस’ म्हणून वापरायला बघतो, तेव्हा नियमपुस्तक कामाचे नसते. तिथे ऐकलेली कथाच आड येते, आली तर. म्हणून कथा निवडून आणि तपासून सांगायला हवी. भिंतीवर मारुती रंगवला आणि खाली दुसऱ्या जातीबद्दल कुजबुज चालली, तर ते तत्त्वज्ञान नव्हे.

द्रोणाचार्यांची पोपटाच्या डोळ्याची गोष्ट प्रत्येक वस्ताद सांगतो. एकाग्रतेसाठी ती उत्तमच. एकलव्याची गोष्टही तो सांगतो, पण गुरुभक्तीचा धडा म्हणून. ती शिष्यासाठी नाहीच मुळी. ज्याच्याकडे शिकायला येणारा पोरगा कुठल्याही वस्तीतला असू शकतो, त्या वस्तादाने ती स्वतःला सांगायची आहे.