खालचा बर्थ

व्यापारी घरात जन्मलेल्याला हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. त्यातून माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली. त्यामुळे २०१९च्या मार्च महिन्यात सौ.सह रशियाला जाण्याचे ठरले, तेव्हा सर्वप्रथम मी एक नवी वही घातली.

बेत साधा होता. मॉस्कोहून रेल्वेने पूर्वेस निघायचे, उरल पर्वतापलीकडे येकातेरिनबुर्गला दोन दिवस विसावा घ्यायचा आणि तेथून सायबेरियातून इर्कुत्स्कला पोहोचायचे. एकूण अंतर ५,१८५ किलोमीटर. हाच लोहमार्ग पुढे व्लादिवोस्तोकपर्यंत जातो आणि त्याची संपूर्ण लांबी ९,२८८ किलोमीटर भरते. प्रवाशांची गर्दी उन्हाळ्यात असते, म्हणून आम्ही थंडी पत्करली. रूबल त्या वेळी जवळजवळ रुपयाच्याच मोलाचा होता, त्यामुळे हिशेबही सोपा झाला.

भोजनाचा प्रश्न सौ.ने घरीच सोडवला होता. खाकरे, मेतकूट, भाजलेले पोहे, सुकी चटणी आणि मुगाचे तयार पीठ तिने बरोबर घेतले होते. रशियन रेल्वेच्या प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो आणि ते पाणी रात्रंदिवस विनामूल्य मिळते. बाहेर उणे पंधरा अंश तापमान असले तरी आत अंगावर स्वेटर नकोसा होतो. डब्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईला तिकडे ‘प्रोवोद्नित्सा’ म्हणतात. मोठे स्थानक आले की ती लोखंडी पहार घेऊन खाली उतरते आणि डब्याखाली गोठलेला बर्फ फोडते. तिचे काम पाहताना वेळ कसा जाई ते कळत नसे.

चूक झाली ती तिकिटांत आणि ती सर्वस्वी माझी होती. चौघांच्या बंद कप्प्यात वरचा बर्थ खालच्यापेक्षा स्वस्त असतो, म्हणून मी दोन्ही बर्थ वरचे घेतले. सौ.चा गुडघा तीन वर्षांपासून दुखतो हे मला ठाऊक होते. “येकातेरिनबुर्गपर्यंत दोनच रात्री आहेत,” मी म्हणालो. “चालेल,” ती म्हणाली. तिचे हे ‘चालेल’ मी संसारभर जमेच्या बाजूला लिहीत आलो आहे.

गाडी रात्री उशिरा सुटली. दुसऱ्या दिवशी खिडकीतून भूर्जवृक्षांच्या रांगा आणि बर्फात बुडालेली लाकडी घरे सरकत होती. मी बंबावरून चहा आणला, तो तिने घेतला नाही. दुपारीही नको म्हणाली. मला वाटले, प्रवासाचा शीण असेल. आमच्या खालच्या बर्थवर सत्तरी ओलांडलेली एक रशियन आजी होती. तिची भाषा आम्हांला येत नव्हती आणि आमची तिला. तरी माझ्या आधी तिच्याच ध्यानात आले. तिने सौ.च्या भरलेल्या पेल्याकडे बोट दाखवले, मग वर चढण्याच्या त्या इवल्या पायरीकडे आणि शेवटी माझ्याकडे.

संध्याकाळी पर्म स्थानकाच्या सुमारास सौ. खाली उतरताना तिला घेरी आली. आजीने तिला धरून आपल्या बर्थवर निजवले, प्रोवोद्नित्साला हाक मारून साखर घातलेला चहा मागवला आणि स्वतःची उशी तिच्या पायांखाली सरकवली. थोड्या वेळाने सौ.ला हुशारी वाटू लागली, तेव्हा मी विचारले, “अगं, पाणी का घेतलं नाहीस?”

“अहो, पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं,” ती हळूच म्हणाली. “उतरायला जमतं कसंबसं, पण परत चढवत नाही.”

ती रात्र सौ.ने खाली काढली आणि आजी माझ्या मदतीने वर चढली. मला झोप लागली नाही. आयुष्यभर मी इतरांची कर्जप्रकरणे तपासली. तारण पुरेसे आहे का, परतफेडीची कुवत आहे का, हे पाहिले. घरातली बचत मात्र कोणाच्या गुडघ्यावर उभी आहे, हे कधी तपासले नव्हते.

येकातेरिनबुर्गला उतरताच पुढची तिकिटे परत केली. नियमाप्रमाणे कपात झाली. नवी तिकिटे महाग पडली, परंतु त्यांत एक बर्थ खालचा होता.

या लोहमार्गाच्या इतिहासातही असाच एक धडा आहे. बांधकाम १८९१ साली सुरू झाले. त्यामागचे मोठे बळ सर्गेई विट्टे यांचे होते. १८९२पासून अर्थमंत्री असलेले हे गृहस्थ स्वतः रेल्वेच्या नोकरीतून वर आले होते. खर्च आवरण्यासाठी मार्ग एकेरी ठेवला, रूळ हलके वापरले, वळणे तीव्र ठेवली आणि अनेक पूल लाकडाचे बांधले. १९०४ साली जपानशी युद्ध पेटले तेव्हा या मार्गाची क्षमता अपुरी पडली. बैकालच्या काठचा भागही तेव्हा अपूर्ण होता, म्हणून गोठलेल्या सरोवरावर रूळ अंथरून डबे घोड्यांकरवी ओढून नेले. पुढे रूळ बदलावे लागले, मार्ग दुहेरी करावा लागला. आरंभी वाचवलेला पैसा असा पुन्हा खर्ची पडला.

इर्कुत्स्कहून आम्ही स्थानिक गाडीने बैकालच्या काठी स्ल्युद्यान्का येथे गेलो. जगातील हे सर्वांत खोल सरोवर, खोली १,६४२ मीटर. मार्चमध्ये त्याचा पृष्ठभाग पार गोठलेला असतो. सौ. माझा हात धरून त्या बर्फावर शंभरेक पावले चालली. मग थांबली आणि म्हणाली, “आता चहा घेऊ या.”

वाचकांपैकी अनेकांची निवृत्ती जवळ आली असेल आणि पती-पत्नींनी एकत्र करावयाचा प्रवास मनात असेल. हंगाम टाळून जावे, शिधा घरून न्यावा, निवास साधा घ्यावा. एवढ्यानेही पुष्कळ वाचते. मात्र औषधे, उबदार बूट, प्रवास विमा आणि झोपण्याची जागा यांत हात आखडता घेऊ नये. आणि जोडीदार ‘चालेल’ म्हणाला, तर आणखी एकदा विचारावे.

ती वही अजून कपाटात आहे. तिकिटांतील कपात मी ‘तोटा’ या सदरात लिहिली होती. घरी परतल्यावर ती नोंद खोडली आणि ‘प्रवासखर्च’ या सदरात घेतली.