रक्तातल्या आकड्यांची साक्ष

‘डॉक्टर, ह्या पेशी वाढल्या म्हणून मला दमा आहे, की दमा आहे म्हणून ह्या पेशी वाढल्या?’

रक्ततपासणीचा कागद पुढे करून एका निवृत्त शिक्षकांनी मला हा प्रश्न विचारला, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कागदावर ‘इओसिनोफिल’ या शब्दापुढे ९ टक्के असं लिहिलेलं होतं आणि खाली लाल रेघ मारलेली होती. मी त्यांना काहीतरी सांगितलं. खरं म्हणजे ते उत्तर नव्हतंच, वेळ मारून नेणं होतं. मास्तरांच्या प्रश्नाशी त्या वेळी भलेभले संशोधकही झगडत होते.

इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींचीच एक जात. इओसिन नावाचा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटातले नारिंगी-गुलाबी दाणे मोठे देखणे दिसतात. निरोगी माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत त्या जेमतेम चार-पाच. पोटात जंत झाले की वाढतात, अ‍ॅलर्जीत वाढतात आणि अनेक दमेकऱ्यांतही वाढलेल्या सापडतात. पण चोरीच्या जागी सापडलेला माणूस चोरच असतो असं नाही. आरडाओरडा ऐकून धावत आलेला शेजारीही असू शकतो. आणि शेजाऱ्याला औषध देऊन हाकलण्यात काय अर्थ?

२००० साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. इंटरल्यूकिन-५ नावाचं एक द्रव्य शरीराला इओसिनोफिल वाढवण्याचा निरोप देतं. तो निरोप अडवणारं इंजेक्शन सौम्य दम्याच्या रुग्णांना दिलं गेलं. रक्तातल्या पेशी झरझर उतरल्या. श्वासनलिकांचा चिडखोरपणा मात्र होता तसाच राहिला. मग पेशी निर्दोष म्हणायच्या का?

अशा प्रश्नाचा निकाल लावायची खात्रीची रीत म्हणजे चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करायचे, एका गटाच्या पेशी वाढवायच्या आणि वीस-तीस वर्षं वाट पाहायची. हे कोण करणार, आणि कोणी करूही नये. पण असा प्रयोग निसर्ग रोज करत असतो. आईकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, बापाकडेही दोन. त्यांतली कोणती एक आपल्याला मिळणार, हे नाणेफेकीसारखं ठरतं. एकाच आईबापांच्या एका लेकराला थोड्या जास्त इओसिनोफिलचं जनुक मिळतं, दुसऱ्याला थोड्या कमीचं. ही वाटणी गर्भातच होते. पुढे तो विडी ओढेल की नाही, धुळीत काम करेल की कचेरीत, याचा तिच्याशी संबंध नाही. आणि नंतर झालेला दमा जन्मापूर्वीची नाणेफेक काही बदलू शकत नाही. म्हणजे ‘जास्त पेशींच्या’ जनुकांची माणसं पुढे दम्यानंही जास्त आजारी पडत असतील, तर संशय पेशींवर पक्का होतो. दमाच पेशी वाढवत असेल, तर त्या जनुकांच्या माणसांत दमा जास्त दिसायचं कारण नाही.

ही कल्पना १९८६ साली मार्टिन काटान या डच शास्त्रज्ञानं ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रात मांडली. त्याचा प्रश्न थेट आमच्या मास्तरांसारखाच होता : कोलेस्टेरॉल कमी असल्यानं कॅन्सर होतो, की लपलेला कॅन्सरच कोलेस्टेरॉल खाली आणतो? २००३मध्ये ब्रिटनच्या जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी या विचाराला पद्धतशीर रूप दिलं. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलवरून तिला ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ म्हणतात. नावाला घाबरू नका, आत नाणेफेकच आहे.

अडचण अशी, की एकेक जनुकभेद पेशींचा आकडा केसभरच हलवतो. त्यामुळे माणसं लाखांनी लागतात. २०१६ साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या १,७३,४८० लोकांच्या रक्ताची ३६ मापं जनुकांशी ताडून पाहिली होती. त्यांत इंग्लंडमधले हजारो रक्तदातेही होते. इओसिनोफिल आणि दमा यांचा संबंध या कसोटीवर उतरला. उलट, रक्तपेशींचे आकडे आणि हृदयविकार यांचे पूर्वी नोंदलेले संबंध कारण-परिणामाचे नसावेत, असं दिसलं. सिगारेटनं पांढऱ्या पेशीही वाढतात आणि हृदयही बिघडतं. तिथं चोर सिगारेट, पेशी नुसत्या शेजारी.

या पद्धतीतही एक खोच आहे, बरं का. काही जनुकं फार उद्योगी असतात. एसएच२बी३ नावाचं जनुक इओसिनोफिलवर परिणाम करतं, प्लेटलेटवर करतं आणि हृदयविकाराशीही त्याचं नातं आढळतं. मग दोष कुणाच्या माथी मारायचा? म्हणून एका जनुकावर विसंबत नाहीत, शेकडो जनुकांची साक्ष काढतात. ती एका दिशेची असली तरच तिला वजन.

इकडे औषधाचीही कथा पुढे सरकली होती. २००९ साली तेच इंजेक्शन निवडून अशा रुग्णांना दिलं, ज्यांचा दमा तीव्र होता आणि इओसिनोफिल खरोखर वाढलेल्या होत्या. त्यांचे दम्याचे झटके कमी झाले. त्याच वर्षी आइसलँडच्या संशोधकांनी इओसिनोफिल वाढवणाऱ्या जनुकभेदांचा दम्याशी संबंध दाखवला. २०१५मध्ये अमेरिकेत मेपोलिझुमॅब या नावानं या औषधाला मान्यता मिळाली. पहिल्या प्रयोगात पेशी सुटल्या होत्या, त्या अपुऱ्या चौकशीमुळे.

मास्तर आज भेटले तर सांगेन, की वाढलेल्या इओसिनोफिल हे दम्याचं एक कारण असू शकतं, हा तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग खरा. पण सगळ्यांचा दमा तसा नसतो, आणि आधी जंतांची तपासणी करून घेऊ.

एक गोष्ट मात्र मला खटकत आली आहे. ही सारी साक्ष बहुतांशी युरोपीय रक्ताची. २०२० साली पाच वेगवेगळ्या वंशांच्या ७,४६,६६७ लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा दक्षिण आशियाई लोकांत आयएल-७ या जनुकाचा एक भेद सापडला. तो लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवतो. युरोपीयांची कितीही लाख नमुन्यांची चळत लावली असती, तरी हा भेद त्यांत हाती लागला नसता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)