घोड्याच्या आहारात स्वयंपाकघरातील वाळलेल्या वनस्पती : उपयोग व मर्यादा

घोड्यास चंदीबरोबर ओवा, बडीशेप, मेथी, सुंठ, हिंग व काळे मीठ यांचा ‘मसाला’ चारण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या परंपरेत व जयदत्ताच्या ‘अश्ववैद्यक’ या संस्कृत ग्रंथात घोड्यांच्या विकारांवर वनस्पतिज औषधांची योजना सांगितलेली आढळते. अलीकडे परदेशांत वाळलेला पुदिना, मेथी इत्यादींची मिश्रणे घोड्याच्या आतड्यांच्या आरोग्यासाठी म्हणून डबाबंद विकली जातात. त्यामुळे आपल्या जुन्या मसाल्यासही नवी प्रतिष्ठा लाभली आहे. या पदार्थांपासून घोड्याच्या पोटास खरोखर काय लाभ होतो व कोठे त्यांच्यावर विसंबणे घातक ठरते, याचा विचार येथे केला आहे. प्रस्तुत लेखक पशुवैद्य नसून कृषी शाखेचा पदवीधर आहे. सबब विवेचनाचा भर औषधोपचारावर नसून चारा व आहारावर आहे.

मुंबईत घोड्यांची संख्या पूर्वीच्या मानाने फारच घटली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली व्हिक्टोरिया गाड्यांची हौशी सवारी बेकायदेशीर ठरविल्यानंतर त्या गाड्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. तथापि लग्नाच्या वरातीचे घोडे व महालक्ष्मी येथील शर्यतीचे घोडे आजही शहरात दिसतात, आणि मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या डोंगरावर तर कित्येक कुटुंबांचा उदरनिर्वाह प्रवाशांना पाठीवर नेणाऱ्या घोड्यांवरच चालतो. अशा कुटुंबाचा घोडा पोटशुळाने एका रात्रीत दगावला तर घरातील मिळवता माणूस गेल्यासारखी स्थिती होते.

घोड्याच्या पोटाची रचना गाईम्हशींहून वेगळी आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मोठ्या घोड्याचे जठर सुमारे ८ ते १५ लिटर एवढेच असते. त्यात आम्ल सतत पाझरत राहते. परंतु त्या आम्लाचा जोर कमी करणारी लाळ मात्र घोडा चावत असतानाच सुटते. म्हणून घोडा बराच वेळ उपाशी राहिला की जठराच्या अस्तरास व्रण पडू लागतात. शिवाय घोड्यास ओकारी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका बळकट असतो की आत गेलेले अन्न वा साठलेला वायू त्या वाटेने परत येत नाही. पुढे आंधळे आतडे व मोठे आतडे येते. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जीव गवतातील तंतू आंबवून त्यांपासून घोड्यास ऊर्जा मिळवून देतात. घोड्याचे खरे पचन या कोठारात होते. एकाच वेळी भरपूर धान्य दिले असता त्यातील स्टार्च लहान आतड्यात पुरता पचत नाही. तो मागे उतरतो, झपाट्याने आंबतो व आम्ल वाढवितो. परिणामी वायू धरतो, पोटशूळ उठतो आणि कधी खुरांच्या आतील भागास सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होतो.

हे समजले म्हणजे मसाल्याचे स्थान आपोआप ठरते. सुमारे ३०० किलो वजनाच्या देशी घोड्यास दररोज साडेचार ते सहा किलो कोरडा चारा, म्हणजे वजनाच्या दीड ते दोन टक्के, मिळावयास हवा, व तो दिवसभरात विभागून मिळावयास हवा. धान्याची चंदी एका वेळी एक किलोच्या आत ठेवावी. अधिक आवश्यक असल्यास वेळा वाढवाव्यात, माप वाढवू नये. माथेरानात पावसाळ्यात प्रवासी कमी झाले की घोडे दिवसेंदिवस उभे असतात. तेव्हा काम घटले त्या प्रमाणात चंदीही घटविली पाहिजे. पूर्ण चंदीवर उभ्या राहिलेल्या घोड्यास अकस्मात कामास जुंपल्यास मागील पायांचे स्नायू आखडतात व लघवी काळपट तांबूस होते. या दुखण्यावर ओवा-सुंठ काहीही करू शकत नाही.

आता प्रत्यक्ष वनस्पतींकडे वळू. ओव्याच्या तेलात थायमॉल हा जंतुनाशक घटक असतो, पुदिन्यात मेंथॉल व बडीशेपेत अ‍ॅनेथोल असते. माणसाच्या पोटातील वायूवर व कळीवर यांचा उपयोग होतो, हा घरोघरचा अनुभव आहे. परंतु तेवढ्यावरून घोड्याविषयी निष्कर्ष काढणे युक्त नव्हे. प्रयोगशाळेतील काचपात्रात जो थायमॉल जंतू मारतो, तो मोठ्या मात्रेत दिल्यास उपयोगी व उपद्रवी जंतूंत भेद करीलच असे नाही. आणि घोड्याचे पोट तर जंतूंच्याच श्रमावर भरते. या पदार्थांनी घोड्याच्या आतड्यांचे आरोग्य सुधारते असे सांगणारा प्रत्यक्ष घोड्यांवरील पुरावा तुटपुंजा आहे.

निर्विवाद उपयोग आहे तो रुचीचा. इंग्लंडमध्ये तबेल्यातील घोड्यांच्या खाद्यास निरनिराळे स्वाद देऊन केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांनी सर्वांत अधिक पसंती मेथीच्या स्वादास दिली. आवडीच्या आठ स्वादांत जिरे व पुदिनाही होते. आपल्या मोतद्दारांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होतीच. प्रवासाने शिणलेला, जागा बदललेला किंवा औषध मिसळलेली चंदी हुंगून मान फिरविणारा घोडा मेथीच्या वासाने तोबऱ्यात तोंड घालतो. आणि घोडा खात राहिला, चावत राहिला, की लाळ सुटते व आतडी चालू राहतात. मसाल्याचा पोटास होणारा लाभ बहुधा या वळणाच्या वाटेने होत असावा, असे लेखकाचे मत आहे.

यास्तव मात्रा अल्प असावी. लहान चणीच्या घोड्यास दिवसाकाठी पुदिन्याची वाळलेली पाने १० ते १५ ग्रॅम, अथवा भरडलेली मेथी तितकीच, अथवा ओवा चहाचा एक चमचा पुरे. एका वेळी एकच पदार्थ सुरू करून चार-पाच दिवस लीद पाहावी. लीद सैल वा फार कोरडी झाल्यास तो बंद करावा. गाभण घोडीस असे पदार्थ पशुवैद्यास विचारल्यावाचून देऊ नयेत.

लसणाविषयी विशेष इशारा देणे अवश्य आहे. माश्या दूर राहतात या समजुतीने कित्येकजण घोड्यास लसूण चारतात. कॅनडात केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की घोडे वाळविलेला लसूण आवडीने इतका खातात की त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होऊन पंडुरोग होतो. दर किलो वजनास दररोज ०.२ ग्रॅमपेक्षा अधिक वाळलेला लसूण धोक्याचा मानला गेला. म्हणजे ३०० किलोच्या घोड्यास साठ ग्रॅम. कांद्याचाही दोष असाच आहे. लसूण मुळीच न देणे हे सर्वांत सोपे. जायफळही वर्ज्य करावे. स्पर्धेच्या घोड्यांबाबत आणखी एक अडचण आहे. २००८ च्या ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँग येथे झाल्या, तेव्हा मिरचीतील तिखट द्रव्य अंगात सापडल्यामुळे चार घोडे स्पर्धेतून बाद झाले. शर्यतीच्या तबेल्यात म्हणून मसाल्याची चिमूटही पशुवैद्याच्या संमतीने टाकावी.

वनस्पती वाळविण्याचे काम मुंबईत वाटते तितके सोपे नाही. अँटॉप हिलसारख्या दाट वस्तीत उन्हाळ्यात गच्चीगच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण पडते, त्यातच पुदिना पसरण्याचा मोह होतो. परंतु कडक उन्हात पानांचे सुगंधी तेल उडून जाते व उरतो तो केवळ पालापाचोळा. पाने स्वच्छ धुऊन, निथळून, सावलीत हवेशीर जागी पातळ थरात पसरावीत. देठ वाकविता कट्‌कन मोडला म्हणजे वाळली असे समजावे. शहरात रेल्वेरुळांलगत गटाराच्या पाण्यावर अनेक वर्षे पालेभाजी घेतली जात असे. अशा पाण्यावरचा माल वाळविला तरी त्यातील जड धातू जात नाहीत. त्यापेक्षा पुदिना डब्यात वा कुंडीत लावावा. तो फारशी निगा मागत नाही. वाळवणाचे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे. जूननंतर येथील हवा इतकी दमट असते की उघड्या बरणीतील पाने आठवड्यात सादळतात व बुरशी धरतात. बुरशीचे विष घोड्यास फार बाधते. बुरसलेल्या मक्याने तर मेंदूचा प्राणघातक विकार होतो. हाच नियम गवताच्या पेंढ्यांस लागू करावा. कुबट वास येणारी पेंढी मसाला शिंपडून खपविणे ही काटकसर नव्हे.

अँटॉप हिल व वडाळ्याच्या पूर्वेस एके काळी मिठागरे पसरली होती. मिठाचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. घाम गाळणाऱ्या घोड्याच्या अंगातून पुष्कळ मीठ जाते. ते भरून न आल्यास तो पाणी कमी पितो, मोठ्या आतड्यातील चारा सुकतो व लीद अडते. रोज २५ ते ३० ग्रॅम साधे मीठ चंदीत द्यावे आणि स्वच्छ पाणी सदैव समोर ठेवावे. उन्हाळ्यात कामाच्या घोड्यास दिवसाला तीस-चाळीस लिटरही लागते. पोटशूळ टाळण्याच्या कामी स्वयंपाकघरातील सर्व पदार्थांत मिठाचा क्रम पहिला लावावा लागेल, आणि ते सर्वांत स्वस्तही आहे.

प्रत्यक्ष पोटशूळ उठला असता मात्र मसाल्याचा डबा बाजूस ठेवावा. घोडा वारंवार कुशीकडे पाहतो, पुढील पायाने जमीन उकरतो, लोळतो, अंगास घाम सुटतो, लीद थांबते, ही लक्षणे होत. हिंग-ओव्याचा काढा नळीने वा बाटलीने बळेच पाजण्याची चाल अत्यंत घातक आहे. तो श्वासनलिकेत उतरल्यास फुप्फुसांचा दाह होतो. शिवाय घोड्यास ओकता येत नसल्याने फुगलेल्या जठरात भर पडून ते फुटू शकते. आतड्यास पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो व त्यासाठी हाती काही तासच असतात. ‘सकाळपर्यंत मसाला लागू पडेल’ म्हणून थांबण्यात ते तास निघून जातात. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे आजारी जनावरास वाहनापर्यंत चालवत न्यावे लागते, तेथे विलंबाची किंमत अधिकच.

लक्षण दिसताच चारा व चंदी काढून घ्यावी, लोळून इजा होऊ नये म्हणून मोकळ्या जागेत हळूहळू चालवावे व तत्काळ पशुवैद्यास बोलवावे. अँटॉप हिल, वडाळा, शीव या भागांतील अश्वपालकांस परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय व त्याच आवारातील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. वाट पाहत असता जबड्याखालील नाडी मोजावी. उभ्या, शांत घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ असते; ती साठच्या वर गेल्यास प्रकृती गंभीर समजावी व तसे दूरध्वनीवर सांगावे. शेवटची लीद केव्हा झाली, पाणी किती प्यायला, चंदी केव्हा व किती दिली हे लिहून ठेवावे; आणि कोणता मसाला किती दिला, तेही न लपविता सांगावे, कारण त्यावर पुढील औषधांची निवड अवलंबून असते.