निरोगी माणसाची गोळी

पावसाळा सरताना शाळेची सहल कोलाडला न्यायची ठरली आहे, असे समजू. कुंडलिकेचा काठ, भातखाचरे, साचलेले पाणी; म्हणजे डास आलेच. एखादे पालक विचारतात, "सर, सगळ्या मुलांना आधीच हिवतापाची गोळी दिली तर?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपल्याला यकृतात डोकवावे लागेल. डास चावल्यावर हिवतापाचे परजीवी रक्तातून यकृतात जातात, तेथे आठवडाभर वाढतात आणि मग रक्तात उतरून ताप आणतात. आपण गिळलेली गोळीही आतड्यातून प्रथम यकृताकडेच जाते. तेथील विकरे औषधाचे रूप बदलतात. बहुधा त्यामुळे ते शरीराबाहेर टाकणे सोपे होते. पण क्वचित हे नवे रूपच घातक ठरते.

अमोडायक्विनचे असेच झाले. त्यापासून यकृतात एक अतिशय क्रियाशील पदार्थ बनतो व पेशींतील प्रथिनांना चिकटतो. काहींची प्रतिकारयंत्रणा अशा प्रथिनांना परके समजून यकृताच्या पेशींवरच हल्ला चढवते. १९८० नंतरच्या दशकात हे औषध प्रतिबंधासाठी आठवडेच्या आठवडे घेणाऱ्या काही युरोपीय प्रवाशांना कावीळ झाली, काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, काही दगावलेही. प्रवाशांसाठी त्याचा वापर थांबला.

गंमत अशी, की हेच औषध आर्टेसुनेटच्या जोडीने, केवळ तीन दिवस, आफ्रिकेतील अनेक देशांत हिवतापाच्या रुग्णांना आजही देतात. फरक हिशेबाचा आहे. रुग्णापुढे हिवतापाचा धोका उभा असतो. निरोगी माणसाला तो केवळ संभवतो, गोळी मात्र नक्की पोटात जाते.

म्हणूनच भारतात प्रतिबंधक गोळी सरसकट देत नाहीत. हिवतापाचा मोठा प्रादुर्भाव असलेल्या भागात जाणारे प्रवासी, जवान, मजूर अशांसाठीच ती असते. सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामाला डॉक्सिसायक्लीन सुचवतात. तेही आठ वर्षांखालील मुलांना व गरोदर स्त्रियांना नाही.

सहलीला अंगभर कपडे, डासांचे मलम आणि मुक्काम असल्यास मच्छरदाणी न्यावी. परतल्यावर ताप आला तर रक्त तपासून घ्यावे. कोणी अशी गोळी घेत असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर डॉक्टरांना गोळीचे नाव अवश्य सांगावे. मात्र कोकणच्या पावसाळ्यात कावीळ दूषित पाण्याने किंवा लेप्टोस्पायरोसिसनेही होते. तेव्हा गोळीवर खापर फोडण्याआधी तपासणी हवी.

आता वर्गात विचारून पाहा: एकच गोळी रुग्णाला तारक, तर निरोग्याला मारक कशी ठरू शकते?