नाहींशीं झालेलीं मृगोद्यानें

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यांत शेताच्या कडेनें मातीचा एक जुना बांध गेलेला दिसतो. त्याच्या आंतल्या अंगास उथळ चर असतो. वाटसरू तिकडे ढुंकूनही पाहत नाहीं. परंतु इतिहाससंशोधक तेथें थबकतो. किल्ल्याचा खंदक तटाबाहेर असतो, येथें तो आंत कां? कारण हा बांध शत्रूस अडविण्यासाठीं नव्हे, तर आंतील हरिणांस बाहेर उडी मारतां येऊं नये म्हणून घातला होता. तें शेत एके काळीं सरदाराचें मृगोद्यान होतें.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणींत अशीं उद्यानें ४० हूनही कमी आढळतात. पुढें इ. स. १३०० च्या सुमारास त्यांची संख्या ३,००० वर गेली असावी, असा ऑलिव्हर रॅकहॅम या विद्वानाचा अंदाज आहे. मेजवानींत हरिणाचें मांस वाढणें हें त्या काळीं मोठ्या प्रतिष्ठेचें लक्षण होतें. जेथें पूर्वी खेडुतांचीं गुरें चरत, तीं रानें कित्येक ठिकाणीं अशा रीतीनें कुंपणाआड गेलीं. १२७५ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानें उद्यानांत शिरून आगळीक करणारास तीन वर्षांची कैद ठरविली.

बांधावर ओक वृक्षाच्या चिरलेल्या फळ्यांचें कुंपण असे. तें फार खर्चाचें. म्हणून थोड्या कुंपणांत पुष्कळ जमीन यावी यासाठीं उद्यानाचे कोपरे बहुधा गोल ठेवीत. कालांतरानें बहुतेक उद्यानें मोडून त्यांचीं शेतें झालीं. कुंपणें कुजलीं, हरिणें गेलीं. परंतु ती गोलाकार रेषा झुडपांच्या वईच्या रूपानें पुष्कळ ठिकाणीं टिकून राहिली.

मग हरवलेलें उद्यान ओळखावें कसें? ‘पार्क फार्म’, ‘लॉज फार्म’ अशीं शेतवाड्यांचीं नांवें ही पहिली खूण. क्रिस्टोफर सॅक्स्टन यानें १५७० नंतरच्या दशकांत केलेल्या नकाशांत उद्यानें कुंपणाच्या लहानशा कड्यांनीं दाखविलीं आहेत, ही दुसरी. कुंपणाच्या डागडुजीचे जुने हिशेब, ही तिसरी. आतां तर विमानांतून लेझर किरण सोडून जमिनीचा अगदीं थोडा चढउतारही मोजतां येतो. तथापि एकाच साक्षीवर निर्णय देणें धोक्याचें आहे. ‘पार्क’ हें नांव अठराव्या शतकांतील एखाद्या शोभेच्या बागेवरूनही पडलेलें असूं शकतें. नांव, कागद व जमीन या तिघांचें एकमत झालें, म्हणजेच निकाल भक्कम होतो.

परंतु या साक्षीदारांपैकीं जमीन हीच सर्वांत असहाय आहे. कागद कपाटांत जपून ठेवतां येतो. सातशें वर्षें टिकलेला बांध मात्र नांगरानें थोड्याच दिवसांत सपाट होतो, व तो पुन्हा कोणास बांधतां येत नाहीं. सरदारांचीं नांवें कागदोपत्रीं राहिलीं. ज्यांनीं तो चर खणला त्या मजुरांची आठवण बहुधा त्या मातींतच आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, जमीन हाही एक ग्रंथच आहे हें आपण विसरूं नये. तो वाचण्यापूर्वींच त्याचीं पानें पुसलीं जाऊं नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.