माशांची उदरवृद्धी

जलजीवालयात पाळलेल्या माशाचे पोट प्रमाणाबाहेर फुगणे, या लक्षणाला उदरवृद्धी म्हणता येईल. हा स्वतंत्र रोग नसून निरनिराळ्या अवस्थांत आढळणारे समान लक्षण आहे. अतिआहार, बद्धकोष्ठ, गर्भधारणा, अंडी अडकून राहणे, वाताशयाचा बिघाड, अर्बुद, जीवोपजीवींचा उपद्रव व जलोदर ही त्याची प्रमुख कारणे होत. यांपैकी काहींना उपचाराची गरजच नसते, काही दोन-तीन दिवसांच्या उपवासाने बरी होतात, तर काहींमध्ये मासा थोड्याच दिवसांत दगावतो. म्हणून औषध निवडण्यापूर्वी कारण ओळखणे अगत्याचे असते. कारण न पाहता पाण्यात औषधे टाकल्याने रोगापेक्षा उपचारानेच मासे मरण्याचा संभव असतो.

शरीरक्रिया : गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरद्रवात सभोवतालच्या पाण्यापेक्षा लवणांचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे तर्षणाने कल्ले व त्वचा यांतून पाणी सतत शरीरात शिरत असते. हे जादा पाणी वृक्के विरल मूत्राच्या रूपाने बाहेर टाकतात आणि गमावलेली लवणे कल्ल्यांतील विशिष्ट कोशिका परत शोषून घेतात. वृक्के, कल्ले किंवा यकृत यांचे कार्य बिघडले म्हणजे हा समतोल ढळतो. मग पाणी देहगुहेत, खवल्यांच्या तळाशी व डोळ्यांमागे साचते. यालाच माशांचा जलोदर म्हणतात.

निदान : मासा प्रथम बाजूने व नंतर वरून पाहावा. जलोदरात पोट दोन्ही बाजूंना सारखे फुगते, खवले उभे राहतात व वरून पाहताना मासा देवदाराच्या शंकूसारखा दिसतो. डोळे बाहेर येणे, कल्ले फिके पडणे, गुदद्वार लाल होऊन सुजणे व अन्न न घेणे ही सोबतची लक्षणे होत.

बद्धकोष्ठात खवले अंगाशी चिकटलेले असतात. विष्ठा होत नाही किंवा ती लांब धाग्यासारखी लोंबत राहते. गोल्डफिशला खरे जठर नसते. त्यामुळे एकाच वेळी भरपूर कोरडे खाद्य दिल्यास त्याच्या आतड्यावर ताण पडतो. आखूड व गोल शरीराच्या शोभिवंत प्रकारांत हा त्रास विशेष आढळतो. वाताशयावर दाब आल्यास मासा तिरका पोहतो, उलटा तरंगतो किंवा तळाशी पडून राहतो.

गपी, मॉली यांसारख्या पिले देणाऱ्या माशांची मादी गाभण असताना तिचे पोट हळूहळू मोठे होते व गुदद्वाराजवळचा गडद ठिपका ठळक होतो. ती चपळ असते व नेहमीप्रमाणे खाते. गपीमध्ये हा काळ सु. ४ आठवड्यांचा असतो. पोट एकाच बाजूला व सावकाश वाढत गेल्यास अर्बुद किंवा वृक्काची वाढ यांचा संशय घ्यावा. गोल्डफिशमध्ये होफेरेलस कॅरासाय या जीवोपजीवीमुळे वृक्क अतिशय मोठे होते; त्यावर खात्रीचा उपाय उपलब्ध नाही.

कारणे : जलोदरात पुष्कळदा एरोमोनस हायड्रोफिला हा सूक्ष्मजंतू सापडतो. तो निरोगी माशांच्या पाण्यातही असतो. गर्दी, तापमानातील एकाएकी बदल, निकृष्ट आहार व दूषित पाणी यांमुळे माशाची प्रतिकारशक्ती घटली की त्याचा जोर होतो. रोहू, कटला व मृगळ या संवर्धित माशांतही या जंतूमुळे जलोदर होतो. यूरोपातील कार्प माशांचा ‘संसर्गजन्य जलोदर’ हा पूर्वी एकच रोग समजला जाई. १९७१ मध्ये यूगोस्लाव्हियात त्यातील एका रोगास कारणीभूत असलेला विषाणू वेगळा करण्यात आला. त्यानंतर एकाच नावाखाली निरनिराळे रोग मोडत होते, हे स्पष्ट झाले.

उपचार : पहिला उपचार पाण्याचा असतो. पाण्यात अमोनिया व नायट्राइट अजिबात असू नयेत. ते आढळल्यास पाव ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त व त्याच तापमानाचे असावे. आजारी मासा वेगळ्या टाकीत ठेवून पाण्यात हवा खेळती ठेवावी.

बद्धकोष्ठाचा संशय असल्यास २ ते ३ दिवस खाद्य बंद ठेवतात. नंतर गोल्डफिशला उकडून साल काढलेला मटार कुस्करून थोडा देतात. मांसाहारी जातींना डॅफ्निया देणे योग्य ठरते. कोरडे दाणे भिजवून द्यावेत. एप्सम लवण (मॅग्नेशियम सल्फेट) दर लिटरला सु. ०·५ ते १ ग्रॅम या प्रमाणात वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू मिसळल्यास कोठा साफ होण्यास मदत होते.

जलोदरात दर लिटरला १ ते ३ ग्रॅम साधे मीठ घातल्याने तर्षणाचा भार हलका होतो. मात्र खवले नसलेल्या काही माशांना मीठ सोसत नाही. जंतुसंसर्गावर प्रतिजैव औषधे पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत. मासा खात असेल तोवर ती खाद्यातून देणे अधिक परिणामकारक असते. मुख्य टाकीत ती टाकल्यास गाळणीतील उपयुक्त सूक्ष्मजंतू मरतात व अमोनिया वाढतो. अपुऱ्या मात्रेने औषधाला न जुमानणारे जंतूही निर्माण होतात. खवले उभे राहिल्यावर बरे होणारे मासे थोडेच असतात. पोट नुकतेच फुगू लागले असताना उपचार केल्यास आशा अधिक असते.

मासा वाचण्याची शक्यता नसल्यास लवंगेच्या तेलाच्या पुरेशा तीव्र मात्रेने त्याला वेदनारहित मरण देता येते. आजारी किंवा नकोसा मासा नदी, तळे वा गटारात सोडू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम या जंतूनेही माशाचे पोट फुगू शकते व तो माणसाच्या त्वचेतील जखमेतून शरीरात शिरतो. म्हणून हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये व काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

प्रतिबंध : दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्यास सु. एक-चतुर्थांश पाणी बदलावे. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा. गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स कृमी खाद्य म्हणून वापरू नयेत. पोट फुगण्याच्या बहुतेक टाळण्याजोग्या कारणांचे मूळ पाणी व खाद्य यांच्या हयगयीत असते. त्यामुळे एका माशाचे फुगलेले पोट ही साऱ्या टाकीच्या आरोग्याविषयीची सूचना समजावी.